पेरीन म्हणजे मोती

पूर्णा, २२ नोव्हेंबर १९९३

आज डोकं तापलं ते संध्याकाळपर्यंत उतरलं नाही.

सरजाबाई अकरा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला आहे. सकाळी नातीला घेऊन आली, दहावीच्या परीक्षेचा अर्ज बाईंनी एकदा नजरेखालून घालावा म्हणून. अक्षर सुवाच्य. गणितात पोरगी वर्गात पहिली. सगळं ठीक, आणि नावाच्या रकान्यात ठळक शाईने: दगडाबाई नागनाथ ढोणे. सरजाबाई तिला माझ्यासमोर नेहमी 'पोरे' म्हणते. मला वाटायचं, शाळेत काहीतरी बरं नाव असेल.

"हे काय नाव आहे?"

"नावच हाय बाई," सरजाबाई म्हणाली.

"माणसाचं?"

"दगडाचं," पोरगी म्हणाली. हसली नाही.

मग खोदून विचारलं तेव्हा कळलं. हजेरी चालू असताना मागून कुणीतरी तिच्या बाकावर खडा टाकतं. रोज का, विचारलं. "रोज न्हाई. सोमवार अन् बुधवार. त्या दिवशी गणिताचे सर उशिरा येतेत." दोन वर्षं चाललंय. हिने खडे मोजलेत, तक्रार केली नाही.

मंडळाच्या प्रमाणपत्रावर एकदा छापलं की हे नाव जन्मभर चिकटलं. नोकरीत, लग्नात, बँकेत. मी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, नाव बदलू. सरजाबाई पोळ्या लाटायची थांबली. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तिला काय विचारायचं? पंधरा वर्षांच्या मुलीला जुन्या चपला आवडतात का असं विचारत नाहीत, नव्या आणून देतात.

२४ नोव्हेंबर

मला हे प्रकरण इतकं का लागलं, ते इथे लिहायला हरकत नाही. ही वही कुणी वाचत नाही.

सात वर्षांची होईपर्यंत मी धोंडी होते. माझ्या आधीची पाच भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मला धोंडी. वडील, व्यंकटराव वालूरकर, निजामाच्या रेल्वेत तारबाबू. त्यांच्या साहेबाच्या ओळखीने मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये जागा मिळाली. आई मला पोचवायला आली होती. तिथल्या फ्रेंच सिस्टरांनी मला आत नेलं, आंघोळ घातली आणि बाहेर काढलं ती पेरीन म्हणून. रजिस्टरात तेच, मॅट्रिकच्या दाखल्यावर तेच, छत्तीस वर्षं रेल्वेच्या शाळेत हजेरीवर सही तीच. बदलून आलेले गार्ड मला पारशीण समजतात. एकाने तर पतेतीला मिठाई धाडली होती. मी ती खाल्ली आणि त्याला काही सांगितलं नाही.

पेरीन म्हणजे मोती. कुणी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. फ्रेंचमध्ये मोत्याला पेर्ल म्हणतात, त्याचंच हे लाडाचं रूप. न कळण्यासारखं त्यात काय आहे?

आईचं एक मात्र मला कधी समजलं नाही. नाव बदलल्यावर ती एका शब्दाने हळहळली नाही. पहिल्या सुटीत घरी आले तर फाटकातूनच "पेरीन, पाय धुऊन ये," म्हणाली, तेही बिनचूक, जणू ती ते नाव माहेराहून घेऊन आली होती. शेजारच्या बायका पेरणी, पेरू काय काय म्हणत. आईची जीभ एकदाही अडली नाही. पोटच्या पोरीचं नाव गेलं आणि हिला काहीच वाटलं नाही. एकोणसाठ साली ती गेली. ते मी धरून ठेवलंय, अजूनही.

असो. पोरीसाठी नाव ठरलं. पेरीनच. माझ्यामागे ते नाव घेणारं कुणी नाही, आणि चांगली वस्तू वापरात राहावी.

२५ नोव्हेंबर

सरजाबाईला नाव सांगितलं.

"पेरीन? काय पेरंल?"

"काही पेरत नाही. मोती. फ्रेंच आहे."

"आसंल. पर 'मी पेरीन' म्हणलं की माणूस इचारणारच की, ज्वारी का हरभरा."

छत्तीस वर्षं शाळेत हा विनोद ऐकलाय. पहिल्यांदा ऐकल्यासारखी कपाळाला आठी घातली आणि चहा मागितला.

२९ नोव्हेंबर

हायस्कूलचे हेडमास्तर अप्पाराव माझ्या हाताखाली दोन वर्षं होते. अजूनही मी आत गेले की उठून उभे राहतात, पण आज उठले ते खिडकी लावायला.

"बाई, 'नाव बदलायचं' हे शब्द जरा हळू. दिवस कसले आहेत, माहिती आहे ना?"

"मला पोरीचं नाव बदलायचंय, विद्यापीठाचं नाही."

"लोक पूर्ण वाक्य ऐकत नाहीत."

त्यांचं अगदी खोटं नव्हे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव अठ्ठ्याहत्तर साली झाला आणि आपल्याच जिल्ह्यात दलित वस्त्यांतली घरं जाळली गेली. माझ्या वर्गातल्या चार मुली तेव्हा तीन आठवडे आल्या नाहीत. मी हजेरीत त्यांच्यापुढे 'गैरहजर' लिहीत गेले, तांबड्या शाईने, रोज. घरी जाऊन एकदाही बघितलं नाही. नावात काय एवढं, असं त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत जो तो म्हणत होता, मीही म्हणाले असेन. ज्याला आपलं नाव फुकट मिळालं, त्याला तसं म्हणायला जड जात नाही.

अप्पारावांचं म्हणणं असं: अर्ज आहे तसा जाऊ द्या. जानेवारीत मंडळाकडून छापील यादी दुरुस्तीला येते, सतरा तारखेपर्यंत नाव बदलता येईल. बापाचं प्रतिज्ञापत्र लागेल. "आणि बाई, हे नाव... धर्म बदलला का, असं वरून विचारतील. अर्थाचा काही पुरावा द्या."

"मी सांगते ना, मोती."

"तुम्ही सांगता, पण कागद सांगत नाही."

कागदच हवा तर कागद. सिकंदराबादला सिस्टर ओडिल अजून आहेत, ब्याऐंशीच्या. घरी येऊन लगेच त्यांना पत्र टाकलं: नाव मोत्यावरून आहे, एवढं दोन ओळींत सही-शिक्क्यासह कळवावं.

३ डिसेंबर

नागनाथला घेऊन परभणीला गेले. पोरीचा बाप, रेल्वेत गँगमन, आणि माझा विद्यार्थी, पाचवीत तीन वर्षं. प्रतिज्ञापत्रावर कुठे सही करायची एवढंच विचारलं. "वाचलंस का?" "तुमी वाचलंय ना बाई." एका दिवसात काम झालं. सरकारी कचेऱ्यांत कामं होत नाहीत म्हणणाऱ्यांना नीट उभं राहता येत नसावं.

५ डिसेंबर

सरजाबाई काल आली नाही, आजही नाही. मी तिच्या घरी गेले. दारात बसून शेंगा फोडत होती. बस म्हणाली नाही, मी बसले.

"माझ्या लेकाकडून कागद करून घेतला तुमी. मला इचारलं न्हाई."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणलेच असते. म्हणून इचारायचं न्हाई?"

मग तिने सांगितलं. नागनाथची तीन लेकरं पाचवी पुजायच्या आतच गेली. चौथी ही. बारशाला वरवंट्याला टोपरं घालून पाळण्याभोवती फिरवतात, तसा फिरवला, आणि सरजाबाईने वरवंट्याचंच नाव पोरीच्या कानात सांगितलं. "सटवाई आली तर म्हणंल, इथं तर दगड निजलाय. दगड कोण उचलून नेतं, बाई? पंधरा वर्षं मी तिला फसवलंय. आता तुमी बोर्डाच्या कागदावर लिहून देणार, की हा दगड न्हवता, पोरगी व्हती."

मी तिला जंतू, दाई, कात्री, धनुर्वात सगळं समजावलं. मुद्देसूद बोलले. माझं धोंडी नाव सातव्या वर्षी बदललं, तेही सांगितलं. शेंगा फुटत राहिल्या.

"तुमच्या मायनं न्हाई का आडवलं?"

"माझ्या आईला काही वाटलं नाही," मी म्हणाले. "तुझ्यासारखी अडाणी नव्हती ती."

हे म्हणायला नको होतं. आई अंगठाच उठवायची.

११ डिसेंबर

पिठलं करपलं. भाताचं खालचं फेकलं, वरचं खाल्लं. मला स्वयंपाक येत नाही याचं वाईट वाटायला मी पासष्टाव्या वर्षी सुरुवात करणार नाही.

१९ डिसेंबर

पोरगी आली. आजीला न सांगता. इंग्रजीचे धडे घ्यायचे म्हणाली. वाचताना चुकते, पण चुकलेला शब्द गिळत नाही, पुन्हा म्हणते. मला असं मूल छत्तीस वर्षांत फार तर सहा वेळा मिळालं.

मध्येच म्हणाली, "आजी झोपंना झाली."

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच असते.

थोड्या वेळाने: "बाई, मोती म्हंजे बी खडाच की. शिंपल्यातला."

"मोती आणि खडा यांत फरक असतो."

"काय?"

किंमत, असं म्हणणार होते. म्हटलं, धडा सातवा काढ. जाताना ती उंबऱ्याशी रेंगाळली, काहीतरी विचारील असं वाटलं. पण मी वही तपासत होते आणि मान वर केली तेव्हा ती गेली होती. लाजाळू आहे. नाव बदललं की सुधारेल.

४ जानेवारी १९९४

छापील यादी आली. तेरा दिवस उरले. सिकंदराबादहून उत्तर नाही. अप्पाराव म्हणतात, अर्थाच्या कागदाशिवाय ते सही करणार नाहीत. मी त्यांना सांगितलं, तुम्ही विद्यार्थ्यांसमोर असे थरथरत असाल तर त्यांनी खडे टाकले तर नवल नाही. त्यांनी मला पाणी दिलं.

१२ जानेवारी

पत्र आलं. सिस्टर ओडिल यांनी सांगितलंय, दुसऱ्या कुणी टाइप केलंय. सही मात्र त्यांचीच, कापरी.

मोत्याचं वाचून त्या खूप हसल्या म्हणे. मोती हवा असता तर मार्गरीट ठेवलं असतं. ते मोत्याचं नाव, आणि त्या वर्षी वर्गात दोन मार्गरीट आधीच होत्या. पेरीन हे पिएरवरून. पिएर म्हणजे त्यांचा संत पीटर, आणि पिएर म्हणजे दगड. त्याचं घरगुती रूप पेरँ, आणि त्याचं बाईमाणसाचं रूप पेरीन. फ्रान्समधल्या त्यांच्या ब्रिटनी प्रांतात शेतकऱ्यांच्या घरांतून हे नाव फार जुनं आहे. त्यांची आजी पेरीन होती. गाई राखायची.

पुढचं मी उतरून ठेवते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

"मदर सुपीरियरनी तुझं नाव रोझ लिहायला घेतलं होतं. तुझ्या आईने टेबलाची कड धरली. दुभाषी म्हणून उभ्या असलेल्या आयाने विचारलं, नाव बदललेलं नको का? आई म्हणाली, बदला, मुलीला इथे हसतील, ते मलाही नको. आणि मग आयाला जे म्हणाली ते मला पाठ आहे, कारण भारतात येऊन मला चारच महिने झाले होते आणि मी ऐकलेलं प्रत्येक वाक्य वहीत लिहून घ्यायचे: नाम कुछ भी रखो, पत्थर मत निकालो. पत्थर म्हणजे काय, मला कळलं नाही. तुझी आई बाहेर गेली, वाटेवरच्या खडीतला एक दगड उचलून आणला आणि उघड्या रजिस्टरवर ठेवला. तेव्हा मी मदरना माझ्या आजीचं नाव सुचवलं. आईने ते तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, मग स्वतः म्हटलं, बरोबर येईपर्यंत. तुला हे माहीत असेल असंच मी आजवर समजत होते."

मला माहीत नव्हतं.

१३ जानेवारी

आज काही लिहिण्यासारखं नाही. बाहेर गेले नाही.

आई बिनचूक म्हणायची कारण ती शिकली होती. मला वाटायचं तिला काही वाटत नाही. मी एकदा विचारलं असतं तर. नाही विचारलं.

१४ जानेवारी

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय रेडिओवर सांगितला. बाबासाहेबांचं नाव आलं आणि मराठवाडाही राहिलं. नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणायचं आहे. सोळा वर्षं लागली. स्टेशनबाहेर पोलीस उभे होते, दुकानं अर्धी बंद. चौकापलीकडे बायका एकमेकींना पेढे भरवत होत्या. त्यांत एक चेहरा ओळखीचा वाटला, त्या चार मुलींपैकी एकीचा. आता तिच्या कडेवर मूल होतं. मी थांबले. तिने मलाही पेढा दिला, "घ्या बाई," म्हणाली. मी घेतला. तिची माफी मागायची होती. "शाळेत पाठवतेस का याला?" एवढंच विचारलं.

तिथून सरजाबाईकडे, तिळगूळ घेऊन. मी ठरवूनच गेले होते. आईचा दगड मी अठ्ठावन्न वर्षं मोती म्हणून मिरवला. दुसऱ्या घरातला तरी हलवणार नाही.

"नाव बदलायचं नाही," मी सांगितलं. "दगडाबाईच राहू दे. माझी चूक झाली."

हे शेवटचं वाक्य मी कुणाला म्हटलेलं सरजाबाईने ऐकलं नव्हतं. तिने दाराशी आलेल्या शेजारणीला घरी जायला सांगितलं.

मग मी पत्र वाचून दाखवलं, मराठी करून. रजिस्टरवरच्या दगडापाशी आले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

"म्हंजे पेरीन म्हंजे बी दगडच?"

"दगडच."

"तुमी पासष्ट वर्षांच्या झालात, धडधाकट."

"झाले."

"मग पेरीनच ऱ्हाऊ द्या की. गोऱ्यांच्या भाषेतला का होईना, दगड हाय. पोरं हसणार न्हाईत अन् सटवाईला बी कळणार न्हाई."

"अगं, पण मी आता म्हणते, मूळचं नाव—"

"तुमीच म्हणला व्हता ना बदला म्हणून?"

"म्हणाले होते. आता नको म्हणते."

"आता मी हो म्हणते."

आम्ही अर्धा तास भांडलो, आपापल्या जागा बदलून. मी तिला परंपरा समजावत होते आणि ती मला बोर्डाचं प्रमाणपत्र. पोरगी चुलीपाशी बसून पुस्तक वाचत होती. शेवटी पुस्तक मिटून म्हणाली, "सतरा तारखेला मी बी येते शाळेत," आणि पाण्याला गेली.

१७ जानेवारी

अकरा वाजता अप्पारावांची खोली. ते, मी, सरजाबाई, पोरगी. नागनाथ लाइनवर होता. टेबलावर छापील यादी. बेचाळीस नंबर: दगडाबाई नागनाथ ढोणे.

अप्पाराव आज खुशीत. त्यांना युक्ती सुचली होती. "नामांतर नको, बाई. नामविस्तार करू. दगडाबाई ऊर्फ पेरीन. सगळ्यांचं समाधान."

"सोळा वर्षांनी तुम्हाला एवढंच सुचलं का?" मी म्हणाले. "हिला दगडाबाई राहू द्या."

"पेरीन लिवा, साहेब," सरजाबाई म्हणाली.

"मला कुणी इचारलं का?"

पोरीचा आवाज मोठा नव्हता. मी आठवून पाहिलं. बावीस नोव्हेंबरपासून आजपर्यंत मी सिस्टर ओडिलना विचारलं, नागनाथकडून सही घेतली, आजीशी दोनदा भांडले. या वहीची मागची पानं उलटली तर त्यात तिला विचारलेलं कुठेच सापडणार नाही.

"विचारते," मी म्हणाले. "तुला काय हवंय?"

"पेरीन."

"मोती म्हणून?"

"न्हाई."

"दगड म्हणून?" सरजाबाईने विचारलं, काळजीने.

"आजी, तुझ्यापुरता दगड असू दे." मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमी पहिल्या दिवशी नाव सांगितलं, तवापासून मी मनात म्हणायलेय. दगडा म्हणलं तर दगड नुसता पडून ऱ्हातो, कुणी बी उचलून बाकावर टाकतं. पेरीन म्हणलं की त्यात मीच बोलायलेय. मी पेरीन. कुणी सांगितलं म्हणून न्हाई. मी."

"ते मराठी क्रियापद झालं," मी म्हणाले. राहवलं नाही. "नाव फ्रेंच आहे. पिएरवरून."

"तुमचं फ्रेंच असंल, बाई. माझं मराठी हाय."

अप्पाराव खाली बघून हसत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी दौत सरकवली.

"पोरं 'पेर मग' म्हणतील," मी शेवटचं बजावलं.

"म्हणू देत की. पेरीनच."

अप्पारावांनी बेचाळीस नंबरवर रेघ मारली, वर तांबड्या शाईने नवं नाव लिहिलं आणि यादी तिच्याकडे वळवली. तिने वाचलं, ऱ्हस्व पेरिन झालं होतं ते दीर्घ करायला लावलं. ते बरोबर होतं. मी बघितलं नव्हतं.

"आता कारण लिहावं लागतं," अप्पाराव म्हणाले. "बाई, ते पत्र द्या, अर्थ लिहितो. मोती का दगड?"

पर्समध्ये पत्र होतं. मी काढलं नाही.

"ती सांगेल," मी म्हणाले.

"मला पाहिजे म्हणून, असं लिवा."

त्यांनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. आणि लिहिलं: विद्यार्थिनीची इच्छा.

छत्तीस वर्षं मी शाळेचे कागद भरले. नावं बदलली, आडनावं बदलली, जन्मतारखा तर कितीतरी. कारणाच्या रकान्यात बापाचा अर्ज, लग्न, दत्तक, लेखनिकाची चूक. हे कारण मी आज पहिल्यांदा वाचलं, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.